वॉल्टनला गाडी थांबत नाही

गेल्या रविवारी सकाळी उठलो तर फॅमिली ग्रुपवर दादाचा निबंध. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नाशिकला असतो, नुकताच निवृत्त झालाय. आदल्या रात्री त्याने दादासाहेब फाळकेंवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पुन्हा पाहिला होता आणि मग बहुधा झोप आली नसावी. ‘या चित्रपटातून शिकण्यासारख्या दहा गोष्टी’ असा मथळा, खाली जिद्द, चिकाटी, त्याग वगैरे. दहावी गोष्ट खास माझ्यासाठी होती. ‘दादासाहेब फाळके लंडनला गेले, विद्या घेतली आणि लगेच मायदेशी परतले. हल्ली जातात ते तिकडचेच होतात.’ त्याखाली तीन मावश्यांचे जोडलेले हात.

मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळ वोकिंगला राहतो, 18 वर्षं झाली. उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि शेवटी अंगठा टाकून मोकळा झालो. म्हणून आता इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, परेश मोकाशींनी हा चित्रपट हसत हसत केलाय. नंदू माधव यांचा फाळके घरातलं सामान विकायला निघतो तेव्हासुद्धा चेहऱ्यावर दिवाळीच्या खरेदीचा आनंद असतो. त्या माणसाला नाद लागलाय. गिरगावात तंबूत सिनेमा पाहिला आणि चळ लागला, इतकं सरळ आहे ते. आपल्याकडे नादाला किंमत नाही. तो यशस्वी झाला की मग त्याला जिद्द म्हणायचं आणि मुद्दे काढायचे.

दुसरी गोष्ट, दहा मुद्द्यांत फाळकेंच्या पत्नी सरस्वतीबाई कुठेच नाहीत. विमा गहाण पडला, दागिने गेले, ते कुणाच्या अंगावरचे होते? लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आलं, ते बाईंनी चालवलं. फिल्म धुणं त्या शिकल्या, आणि वर अख्ख्या कंपनीचा स्वयंपाक. 1913 च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कॉरोनेशन थिएटरला लागला, त्यात तारामती झाले अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. पडद्यामागे मात्र बाई होती. दादाच्या यादीत ‘त्याग’ आहे, तो कुणी केला ते नाही.

तिसरी गोष्ट परत येण्याची. 1912 च्या सुरुवातीला फाळके इथे आले तेव्हा 41 वर्षांचे होते. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांना गाठलं, त्यांच्या ओळखीने इंग्रज चित्रपटकार सेसिल हेपवर्थच्या, लंडनजवळच्या वॉल्टन गावातल्या स्टुडिओत जाऊन सगळं पाहिलं आणि परत फिरले. त्यांना व्हिसा वाढवून घ्यायचा नव्हता, आयएलआरसाठी, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीसाठी, पगारपत्रकं जमवायची नव्हती, पोरांच्या शाळेचं कॅचमेंट, म्हणजे कुठे घर घेतलं तर कुठली शाळा मिळेल ते, बघायचं नव्हतं. 1914 मध्ये ते पुन्हा आले तेव्हा इथेच राहून चित्रपट करा, अशी विचारणा झाली होती आणि त्यांनी नाही म्हटलं. हे खरं आहे, खोडता येत नाही. पण दादाच्याच नाशिकमध्ये 1944 साली ते गेले तेव्हा हातात काय उरलं होतं, तेही कुणी ग्रुपवर टाकावं. चित्रपट त्याच्या बराच आधी थांबतो. आता पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. दादा तिथे सकाळी फिरायला जातो.

वॉल्टन माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. वोकिंगहून लंडनच्या वॉटर्लू स्टेशनला जाणारी माझी फास्ट गाडी तिथे थांबत नाही, नुसती धडधडत जाते. हेपवर्थच्या स्टुडिओसाठी वीज तयार करायची ती इमारत आता नाट्यगृह आहे, हौशी मंडळी तिथे प्रयोग करतात. आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सचा एक साठीचा गृहस्थ दर वर्षी असाच कुठल्या तरी गावच्या पॅन्टोत, म्हणजे नाताळातल्या धमाल नाटकात, बाई होतो. ओठ लाल, विग वाकडा. आम्ही तिकिटं घेतो, ओरडतो, घरी जातो. त्यातून काय शिकलात, असं कुणी विचारत नाही. मला हे फार आवडतं आणि भारतात फोनवर मी हे जरा जास्तच वेळा सांगतो. मात्र त्याचं घर फिटलेलं आहे आणि पेन्शन ठरलेली आहे, हे सांगायचं राहून जातं.

मीही कॉलेजात एकांकिका करायचो. पुण्यात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या तालमी रात्री दोनपर्यंत, मग स्टेशनवर चहा. 2007 मध्ये इथे एमएस्सीला आलो तेव्हा आईच्या पाटल्या सराफाकडे गेल्या. त्या सोडवल्या, पण आधी माझा फ्लॅट झाला, गाडी झाली, मग पाटल्या. आईने ‘कुठे घालून मिरवायचंय मला’ एवढंच म्हटलं होतं, आणि मी ते खरं मानलं कारण सोयीचं होतं.

आता खरी गोष्ट. दादाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत त्याला कॉलेज सोडून मुंबईत एका एडिटरच्या हाताखाली बसायचं होतं. दहा मुद्दे लिहिणाऱ्या त्याच्या बापाने घर डोक्यावर घेतलं, ‘आधी डिग्री, मग काय ती थेरं!’ हे मी दादाच्या तोंडावर मारणार होतो, उत्तर तयारही होतं. खोडलं ते यासाठी की त्या पोराने तेव्हा मलाही फोन केला होता. ‘काका, दोन वर्षं खोलीचं भाडं देशील? लिहून ठेवतो, परत करेन.’ माझ्यासमोर टेबलावर लॉफ्ट कन्व्हर्जनचं, म्हणजे माळ्याची खोली करायचं, कोटेशन पडलं होतं. दोन वर्षांचं भाडं त्यातल्या खिडक्यांच्या खर्चाहूनही कमी होतं. मी म्हणालो, ‘आधी डिग्री पूर्ण कर, मग बघू.’ तो ‘बरं’ म्हणाला. मग इथे बर्फ पडतो का, विचारलं. हे दादाला माहीत नाही.

खिडक्या छान झाल्यात. वरून समोरच्या घरांची छपरं दिसतात.

परवा सकाळी गाडीत त्याला मेसेज केला की फाळके ज्या गावातला स्टुडिओ बघायला आले होते तिथून रोज जातो, थांब, दाखवतो. वॉल्टन आलं तसा फोन काचेला लावला. फोटोत प्लॅटफॉर्मची एक करडी रेघ आणि माझी बोटं आली. तरी पाठवला.

लगेच उत्तर आलं, ‘काका, उतरून काढ ना.’

तोवर सर्बिटन मागे गेलं होतं.