पासवर्ड बरोबरच आहे हो!

"पासवर्ड बरोबरच आहे हो. कालपर्यंत चालत होता."

स्वतःचा फाइल सर्व्हर चालवणाऱ्या माणसाचा दिवस या वाक्याने उजाडतो. पलीकडे कुणी छापखानेवाले असतात, कुणी आर्किटेक्ट, कुणी सीए. फाइल चारशे एमबीची, ईमेलची मर्यादा 25 एमबीची, आणि काम दुपारी बाराच्या आत हवं. स्क्रीनवर काय आलंय विचारलं तर उत्तर येतं, "काहीतरी इंग्रजीत आलंय." त्या इंग्रजीत असतं: परमिशन डिनाइड, प्लीज ट्राय अगेन.

या वाक्यात माहिती शून्य आहे, आणि ती मुद्दाम शून्य ठेवलेली आहे. नाव चुकलं, पासवर्ड चुकला, परवानगीच्या यादीत नाव नाही, सगळ्यांना हेच एक उत्तर. या नावाचं इथे कुणी राहतच नाही, असं दारावर सांगितलं की चोराला बाकीची नावं चाचपता येतात. म्हणून एसएसएच (लांबच्या कंप्युटरमध्ये सुरक्षित शिरायची पद्धत) सर्व्हर अस्तित्वातच नसलेल्या माणसालाही गंभीर चेहऱ्याने पासवर्ड विचारतो, वाचल्यासारखं करतो आणि नाही म्हणतो. सोसायटीच्या वॉचमनने एवढं नाटक केलं असतं तर त्याला राज्य नाट्य स्पर्धेत उभं केलं असतं.

पण वॉचमनच्या वहीत, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमध्ये, मात्र सगळं खरं लिहिलेलं असतं. दारावर वाद घालण्यात अर्थ नाही, वही उघडायची. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर जर्नलसीटीएल या कमांडकडे एसएसएचच्या नोंदी मागायच्या आणि पुढे एफ हा पर्याय लावायचा, म्हणजे नवी ओळ पडताक्षणी दिसते. रेड हॅटच्या घराण्यात व्हार, त्यात लॉग, त्यात सिक्युअर नावाची फाइल. मग फोनवर सांगायचं, "आता परत करा." 'इनव्हॅलिड यूजर' दिसलं तर नावच चुकलंय. बहुतेक वेळा पहिलं अक्षर कॅपिटल पडलेलं असतं, आणि लिनक्सच्या लेखी मोठ्या आरचा रमेश आणि छोट्या आरचा रमेश हे दोन परके गृहस्थ आहेत. 'फेल्ड पासवर्ड फॉर रमेश' म्हणजे नाव बरोबर, पासवर्ड चूक. 'नॉट लिस्टेड इन अलाउयूजर्स' म्हणजे दोन्ही बरोबर असू शकतात, पण पाहुण्यांच्या यादीत नाव घालायचं राहिलं.

आणि वहीत काहीच उमटलं नाही, तर माणूस दारापर्यंत पोचलेलाच नाही. तिथे पासवर्ड बदलत बसणं म्हणजे बस चुकलेल्याला तिकीट बदलून देणं. सर्व्हर घरच्या ब्रॉडबँडवर असेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकाच पत्त्यावर बरीच घरं बसवलेली आहेत, तुमच्या पोर्ट फॉरवर्डिंगला (आलेल्याला राउटरने सर्व्हरकडे धाडायची सोय) बाहेरून कुणी विचारत नाही. कंपनीकडून स्वतंत्र पत्ता मागून घ्या. दुसरं म्हणजे घरातल्याच वायफायवरून घराचा बाहेरचा पत्ता तपासू नका. कित्येक राउटरना आपल्याच घराची बेल बाहेरून वाजवता येत नाही. मोबाइल डेटावर तपासा.

आता पासवर्ड. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, तो टाइप करताना साधी चांदणीही उमटत नाही, त्यामुळे अर्धे लोक कीबोर्ड बिघडला म्हणून थांबतात आणि उरलेले दोनदा टाइप करतात. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर के दाबल्यावर क जातो, आणि ते कुणालाच दिसत नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेपटीला एक रिकामी जागा चिकटून येते. माझा उपाय गावठी आहे: पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करायला लावायचा आणि मोठ्याने अक्षरं मोजायला लावायची. बारा अक्षरांच्या पासवर्डमध्ये तेरा निघाली की फोनवर थोडी शांतता पसरते. नंतर ते नोटपॅड सेव्ह न करता बंद करायला सांगायचं, हे विसरू नये.

नकाराच्या शेवटी कधीकधी कंस येतो. तो लोक वाचत नाहीत, आणि कामाचा तोच असतो. कंसात नुसतं 'पब्लिककी' असेल तर हा सर्व्हर फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) मानतो, पासवर्ड घेतच नाही, बरोबर असो वा चूक. मग आपण मुख्य एसएसएचडी कॉन्फिग फाइल, म्हणजे एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, उघडतो, पासवर्ड ऑथेंटिकेशनपुढे 'येस' लिहितो, सर्व्हिस रिस्टार्ट करतो, आणि कंस जागचा हलत नाही. कारण उबुंटूच्या मुख्य फाइलीच्या डोक्यावरच एक ओळ आहे: आधी शेजारच्या फोल्डरमधल्या फाइली वाचा. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये 50 आकड्याने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (नव्या सर्व्हरची पहिली मांडणी करणारा प्रोग्राम) फाइल बऱ्याचदा असते, आणि तिच्यात 'नो' लिहिलेलं असू शकतं. पुष्कळ प्रोग्राममध्ये शेवटचा शब्द चालतो, ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रोग्राममध्ये पहिला. थोरल्या काकांनी आधी 'नाही' म्हटलं की धाकट्याने खाली कितीही 'हो' लिहावं. सर्व्हरच्या मनात खरोखर काय आहे ते रूट (सर्व अधिकार असलेला वापरणारा) होऊन एसएसएचडीला कॅपिटल टी लावून विचारायचं. तो सगळ्या सेटिंग खडाखडा म्हणून दाखवतो. (आणि फाइलीत कुठे 'मॅच' शब्द असेल तर त्याच्या खालचं सगळं, पुढचा मॅच येईपर्यंत, त्याच गटापुरतं लागू असतं. म्हणून शेवटी जाऊन नवी ओळ चिकटवायची सवय सोडा.) तसं माझं मत विचाराल तर इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरला तो 'नो'च शोभतो. की वापरावी.

पण की म्हटलं की 777 आलंच. काही चालेनासं झालं की चमॉड 777 मारायचं, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकायची, हे आपल्याकडचं त्रिफळा चूर्ण आहे: गुण आला तर आला, अपाय नाही. इथे अपाय आहे. ओपनएसएसएचची समजूत अशी, की ज्याच्या घराचं दार सगळ्या गावाला उघडं आहे त्याच्या किल्लीवर भरवसा ठेवू नये. होम फोल्डरमध्ये ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येत असेल तर तो बिनचूक की नाकारतो, आणि वहीत 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' अशी नोंद करतो. म्हणजे दार जितकं सताड उघडाल तितकं ते घट्ट बसतं. होम 755 (लिहिणं फक्त मालकाला) किंवा त्याहून कडक, डॉट एसएसएच फोल्डर 700, ऑथराइज्ड कीज फाइल 600 (दोन्हींत मालकाशिवाय कुणालाच काही नाही), आणि तिन्हींचा मालक तो वापरणारा स्वतः. की त्या फाइलीत एकाच ओळीत हवी. कॉपी करताना मध्ये एंटर पडला की दोन तुकडे होतात आणि दोन्ही निरुपयोगी.

याच्या उलट सासुरवास चिरूटचा. ग्राहकाला त्याच्या फोल्डरबाहेर फिरकू द्यायचं नाही म्हणून त्याला त्या फोल्डरात कोंडायचं, हा चिरूट. इथे लक्षण वेगळं: पासवर्ड स्वीकारला जातो आणि पुढच्याच क्षणी कनेक्शन तुटतं. या, बसा म्हणायचं आणि खुर्ची काढून घ्यायची. कारण चिरूटच्या फोल्डरचा मालक रूटच हवा, आणि रूटशिवाय कुणालाही तिथे लिहिता येता कामा नये. नुसत्या त्या फोल्डरचं नाही, तिथपासून वर मुळापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचं हेच. सगळं तपासून झाल्यावर दोष निघतो तो सगळ्यात वरच्या, बाहेरची डिस्क जोडलेल्या फोल्डरमध्ये, जिथे मागे कुणीतरी तेच त्रिफळा दिलेलं असतं. रिवाज असा: चिरूट रूटच्या नावावर, 755, त्याच्या पोटात 'अपलोड' नावाचा फोल्डर, तो ग्राहकाच्या नावावर. घर सासऱ्यांचं, कपाट सुनेचं.

माझा सगळ्यात लाडका बिघाड मात्र आदरातिथ्याचा. कुणीतरी हौसेने बॅशआरसी फाइलीत (लॉगिन होताना आपोआप चालते ती) वरच एक ओळ घालतं, की लॉगिन झाल्यावर स्क्रीनवर 'नमस्कार' उमटावा. टर्मिनलवर तो छान उमटतो. एसएफटीपीने (एसएसएचमधून फाइली पाठवायची पद्धत) जोडायला गेलं की 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग 3768887520' असं म्हणून सगळं बंद. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. एसएफटीपीत प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट म्हणजे त्या संदेशाची लांबी. क्लायंट लांबीची वाट बघत असतो आणि समोरून येतो नमस्कार. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत 'न'चे तीन बाइट आणि 'म'चा पहिला, असे चार मिळून जी संख्या होते ती हीच. क्लायंट समजतो, साडेतीन जीबीचा निरोप येतोय. त्याची मर्यादा 262144 बाइटची, तो घाबरून दार लावतो. इंग्रजीत 'वेलकम' लिहिलं असतं तर आकडा 1466264675 आला असता, म्हणजे मराठी नमस्कार अडीच पट जड पडतो. आकडा 37688 ने सुरू झाला तर स्वागत देवनागरी अक्षराने सुरू झालंय असं खुशाल समजा. 'श्री'ही त्यातच. 'ॐ'ने आरंभ केलेला असेल तर 37689. तपासायला एसएसएचने जोडून नुसती 'ट्रू' ही कमांड चालवा. स्क्रीनवर एक अक्षरही उमटता कामा नये. डेबियनच्या बॅशआरसीत वरच एक तपासणी असते, समोर माणूस नसेल तर पुढचं वाचू नको अशी. नमस्कार तिच्या खाली हलवा. माणसाला नमस्कार, यंत्राला कामाचं बोलणं.

काही मंडळी अजून साधा एफटीपीच, म्हणजे फाइली पाठवायची जुनी पद्धत, चालवतात. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी 114, एप्रिल 1971 मध्ये आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतल्या अभय भूषण यांनी लिहिला, एवढ्यासाठी मला त्याच्याबद्दल माया आहे. पण तो पासवर्ड पोस्टकार्डावर लिहून पाठवतो, म्हणून माया लांबूनच. फिनलंडच्या विद्यापीठातल्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा 1995 मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं आणि 21 चा एफटीपी व 23 चा टेलनेट यांच्या मधला 22 हा दाराचा, म्हणजे पोर्टचा, नंबर मागून घेतला. एफटीपीत नकाराचा आकडा 530. व्हीएसएफटीपीडी या एफटीपी सर्व्हरवर तो बरोबर पासवर्डलाही येतो, कारण त्या वापरणाऱ्याला दिलेलं नोलॉगिन शेल (टर्मिनलवर लॉगिन करू न देणारं) ईटीसी फोल्डरमधल्या शेल्स फाइलीत नोंदवलेलं नसतं. शिवाय तिथेच 'एफटीपीयूजर्स' नावाची फाइल आहे. नाव वाचून लोक भक्तिभावाने तिच्यात आपलं नाव घालतात. ती फाइल एफटीपी वापरायला बंदी असलेल्यांची आहे. नाव कुणी ठेवलं त्याला शोधून पेढा द्यावा.

एवढं होईपर्यंत फोनवरच्या माणसाने पाच वेळा प्रयत्न केलेला असतो. फेल-टू-बॅन (वारंवार चुकणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर मूळ हिशोब असा: दहा मिनिटांत पाच चुका, दहा मिनिटं बंदी. बंदी माणसाला नसते, पत्त्याला असते, त्यामुळे एका रमेशपायी अख्खं ऑफिस बाहेर. ओळखायची खूण: 'परमिशन डिनाइड' जाऊन अचानक 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येऊ लागतं. फेल-टू-बॅनच्या क्लायंटला एसएसएचडीच्या जेलमधून तो पत्ता 'अनबॅन' करायला सांगा, आणि ऑफिसचा पत्ता कायमचा असेल तर इग्नोअर-आयपी या कधीच न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत टाका. रात्री जुन्याच पासवर्डने दार ठोठावणारी एखादी बॅकअप स्क्रिप्ट कुठे उरलेली नाही ना, तेही बघा.

सेटिंग बदलल्यावर रिस्टार्टच्या आधी एसएसएचडीला लहान टी लावून फाइल तपासून घ्या, आणि चालू असलेली खिडकी बंद करू नका. रिस्टार्टने ती तुटत नाही, आणि काही बिनसलं तर आत राहिलेले तुम्ही एकटेच. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे दिसलं की मगच पहिली सोडा.

मग वहीत ओळ पडते: ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर रमेश. फोनवर आवाज येतो, "झालं बघा. मी म्हटलं नव्हतं, पासवर्ड बरोबरच आहे?"

हो म्हणतो. त्या ओळीच्या वर मोठ्या आरच्या रमेशच्या पाच ओळी असतात. त्या वाचून दाखवत नाही.