चमचाभर वेखंड? बाळाला मुळीच नको

“बाळाला रोज चमचाभर वेखंडपूड मधातून चाटवा, लवकर वाचा फुटते. वेखंड कोकणात प्रत्येक वहाळाकाठी फुकट उगवतं, उपटून आणा. दारात लावलं की साप फिरकत नाही.” हा मेसेज आता भाचीच्या फोनवरही आला. तिचं बाळ पाच महिन्यांचं आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी चमचा. चहाचा सपाट चमचा म्हणजे दोन-अडीच ग्रॅम पूड. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, वचेची, म्हणजे वेखंडाची, मात्रा ६० ते १२० मिलिग्रॅम आहे. १ ते २ ग्रॅमही लिहिलेत, पण ते उलटी करवण्यासाठी! एवढ्याशा जिवाला त्याहून जास्त, आणि तेही रोज? बाळ ओकत राहिलं, अंगावरचं दूध टिकेना, लंगोट कोरडा राहू लागला, टाळू खोल गेली, की दवाखाना गाठावाच लागतो. वर मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, अंग लुळं पडतं.

“आपल्या आज्या देतच होत्या की!” होय, बाळगुटीत वेखंड असायचं. पण सहाणेवर सुक्या कांडीचा एखादा वळसा, पाण्यात; चमचा नव्हे. आणि शास्त्रातही पोटात द्यायचं वेखंड आधी शुद्ध करायला सांगितलंय, ते मेसेजवाल्याच्या गावीही नाही. मी तर तो वळसाही टाळा म्हणेन. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. उंदरांच्या आतड्यात त्या तेलाने कर्करोगाच्या गाठी झाल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. तांदळाच्या डब्यात कांडी टाकली की किडे कमी लागतात, हे खरं आहे. ते याच द्रव्यामुळे. किड्याला मारणारं द्रव्य बाळाच्या जिभेवर कशाला?

मूल दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या.

वहाळाकाठी तलवारीसारखं पान दिसलं म्हणजे वेखंड नव्हे, बरेचदा ते पाणकणीस असतं. वेखंडाच्या पानाची एक कड चुणीदार असते, मधली शीर जरा बाजूला सरकलेली. चुरगळलं की उग्र गोडसर वास येतो. वास नाही तर वेखंड नाही. ते बियांवर फारसं पसरत नाही, कंदावर पसरतं. म्हणून आपल्याकडे ते सहसा कुणीतरी विहिरीच्या पाटाशी लावलेलं असतं. लावायचंच तर भातलावणीच्या वेळी कंदाचे डोळा असलेले तुकडे चिखलात चार-पाच सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराने लावा. पाणी तुंबून राहू द्या. वर्षभराने खालची पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत वाळवा.

मात्र दाराशी नको. ओल धरणाऱ्या जागी बेडूक येतात आणि त्यांच्यामागे साप येतो.