बिल ऑफिसात येतं, युनिट शेडमध्ये जळतं

वाद पेटला तो अण्णांना आलेल्या एका फॉर्मवरून. अण्णांची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, लोखंड वितळवून महिन्याला तीनेकशे टन रस साच्यांत ओतणारी. मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं: टनामागं वीज किती, डिझेल किती, कार्बन उत्सर्जन किती आणि ते कमी कसं करणार?

"आता कास्टिंगबरोबर धूर बी मोजून द्यायचा," अण्णा टपरीवर बसता बसताच सुरू झाले. "अमेरिकेतला माणूस वर्साला चौदा टन सोडतोय, आपला दोन टन. आणि उपास आम्ही करायचा?"

"आकडा बरोबर, खिडकी चुकली," वकील म्हणाला. (हा वकील नाही. वाद सोडत नाही म्हणून नाव पडलंय.) "दरडोईचा हिशेब सरकारनं जागतिक परिषदेत मांडायचा. तुझ्या भट्टीला दरडोई कळत नाही. टनाला किती युनिट खातीय ते सांग."

"महिन्याचं बिल सांगतो की. वीस लाखांच्या आसपास."

"बिल नगं, युनिट," बाळू मध्ये पडला. बाळू भट्ट्यांच्या मेंटेनन्सची कामं घेतो, सगळ्यांच्या शेडची अंडीपिल्ली त्याला ठाऊक. अण्णांना आकडा सांगता येईना.

मग बाळूनंच हिशेब मांडला. लोखंड दीड हजार अंशांना न्यायला नुसती उष्णता धरली तर टनाला चारशे युनिटच्या आत भागतं. इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात लागतात सहाशे, कुठं त्याहून जास्त. थोडी वीज कॉइल थंड करणाऱ्या पाण्यात जाणारच, ती कुणाला चुकलेली नाही. पण झाकण उघडं ठेवून हीट (एका वेळची वितळ) घ्यायची, लॅबचा रिपोर्ट येईना म्हणून रस धरून बसायचं, मोल्ड तयार नाहीत म्हणून आणखी अर्धा तास. रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत थिजलेलं जादा लोखंड, वाळूसकट परत भट्टीत. ती वाळू पण तापवायची आणि स्लॅग (मळी) म्हणून काढून टाकायची. वर रिजेक्शन. रिजेक्ट झालेला पीस दोनदा वितळतो, गिऱ्हाईक पैसे एकदाच देतं.

"आणि आपल्या ग्रिडची वीज बहुतेक कोळशाची," वकील म्हणाला. "युनिटला साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. टनाला सहाशे युनिट म्हणजे चारशे वीस किलो. वेगळा कार्बन शोधायला कुठं जायचंय? तुझ्या बिलातच बसलाय तो."

इथं मला बोलायचं होतं, बोललोही. रिजेक्शनचा बोर्ड प्रत्येक शेडमध्ये असतो, युनिटचा नसतो. बिल अकाउंट्सकडे जातं. तिथल्या माणसाचं काम ते मुदतीत भरायचं. झाकण रात्रपाळीला कोण उघडं टाकतो हे त्याला कुठनं कळणार? आणि ज्याच्या हातात झाकण आहे, त्यानं बिल जन्मात बघितलेलं नाही. हीच गत हॉस्पिटलांची, कॉलेजांची. विजेला वाली नाही, म्हणून ती जाते.

"सोलर टाकतो शेडवर, मिटलं," अण्णा म्हणाले.

बाळू हसला. "शंभर किलोवॅट टाकलंस तर दिवसाला चारशे युनिट. एक टन रस निघायचा नाही त्यात. टाक, पण आधी कंप्रेसर बघ. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असतंय, तरी तो लोड घेतोय, हवा भरतोय. हवा जातीय कुठं? प्रेशर एक बारनं उतरवलं तरी कंप्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचती."

वकिलानं मग युरोप काढला. तिथं बाहेरून येणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्कासाठी माहिती देणं 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झालं, 2026 पासून त्यात पैसा आला. लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं.

"गाडीचे पार्ट त्यात नाहीत, मी विचारून आलोय," अण्णा.

"नट-बोल्ट आहेत. यादी वाढवायची भाषा चाललीय. आणि युरोप राहू दे, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना वीज-उत्सर्जनाचा असला अहवाल सक्तीचा केलाय. त्या विचारणार कुणाला? तुलाच."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग जे बोलले त्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. "टनाला पन्नास युनिट वाचवली असं धरा. तीनशे टनाला पंधरा हजार युनिट, साडेआठ रुपयांनी महिन्याला सव्वा लाख. मान्य. फॉर्ममध्ये लिहिलं की दुसऱ्या दिवशी परचेसवाला फोन करणार: अण्णा, तुमचा खर्च उतरला, रेट उतरवा. मीटर माझा, मेहनत माझी, अहवाल त्यांचा आणि फायदाबी त्यांचा?"

ही तक्रार मला शंभर टक्के पटते. वाचलेल्यातलं निम्मं तरी वेंडरकडं राहील, एवढं जी कंपनी लिहून देत नाही, तिनं असले फॉर्म पाठवू नयेत. वकीलसुद्धा "करारात घालून घे" एवढंच पुटपुटला. छोट्या फाउंड्रीचं करारात कोण ऐकतंय?

"मग सोडून देणार काय?" बाळूनं विचारलं.

"सोडतोय कशाला? सव्वा लाख हाय बाबा. उद्या ये, भट्टीला एक आणि कंप्रेसरला एक, वेगळा मीटर लाव."

"आणि फॉर्म?"

"त्यो गेल्या वर्साच्या बिलावरनं भरतो," अण्णा म्हणाले आणि चहाचे पैसे वकिलाला द्यायला लावले.