बारसूमवर हवा मोजणारी राजकन्या

मंगळावर किंवा शुक्रावर घडणाऱ्या, तलवारी, राजकन्या आणि चित्रविचित्र प्राणी यांनी भरलेल्या जुन्या इंग्रजी साहसकादंबऱ्यांविषयी एक मत वरचेवर पुढे पाठवले जाते. या कादंबऱ्यांत विज्ञान मुळीच नाही, त्या पुरुषांनी पोरसवदा मुलांसाठी लिहिल्या आणि १९६५ मध्ये मरिनर ४ या यानाने मंगळाची छायाचित्रे पाठवताच हा प्रकार संपला, असे ते मत आहे. त्यातील प्रत्येक विधानात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते सहज पटते.

पहिला आक्षेप विज्ञानाचा. एडगर राइस बरोज यांची या प्रकाराला वळण देणारी कथा १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ मासिकात क्रमशः आली आणि १९१७ मध्ये ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तकरूपात निघाली. मंगळ हा वाळत चाललेला, मरणपंथाला लागलेला ग्रह असून तेथील रहिवासी ध्रुवांवरचे पाणी कालव्यांनी आणतात, हा सिद्धान्त अमेरिकन खगोलनिरीक्षक पर्सिव्हल लॉवेल त्याआधीची सतरा-अठरा वर्षे ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून मांडत होते. बरोज यांचा मंगळ, म्हणजे त्यांचे ‘बारसूम’, याच चित्रावर उभा आहे: आटलेल्या समुद्रांचे तळ, त्यांच्या काठची ओसाड शहरे, कालवे आणि विरळ होणारी हवा भरून काढण्यासाठी चालवलेला वातावरणनिर्मितीचा कारखाना. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०७ मध्येच लॉवेल यांचे सविस्तर खंडन केले होते, हे खरे. पण वादग्रस्त गृहीतकावर कथा रचणे म्हणजे विज्ञानाकडे पाठ फिरवणे नव्हे. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे, हेही लेखकाच्या ध्यानात आहे, म्हणून नायक जॉन कार्टर याला तेथे आधी धड चालताच येत नाही. पुढे तो मारतो ती तीस फूट उंच उडी मात्र हिशेबात बसत नाही. पृथ्वीवर दोन-अडीच फूट उडणारा माणूस मंगळावर फार तर सहा-सात फूट जाईल. कार्टर मंगळावर पोहोचतो तोही कोणत्याही यानाविना, नुसत्या ओढीने, आणि त्या ठिकाणी टीकाकारांचे म्हणणे मान्यच करावे लागते.

दुसरा आक्षेप, या कादंबऱ्या पुरुषांनी मुलांसाठी लिहिल्याचा. त्याचे एक उत्तर त्याच पुस्तकात सापडते. राजकन्या देजा थोरिस पहिल्यांदा दिसते ती एका शास्त्रीय मोहिमेवर असताना. हवेच्या प्रवाहांचे नकाशे नव्याने करणे आणि वातावरणाची घनता मोजणे हे त्या मोहिमेचे काम आहे. नंतर तिला वारंवार सोडवावे लागते, हेही नाकारता येणार नाही. लेखकांविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. सी. एल. मूर यांची ‘शॅम्ब्लो’ ही मंगळावरची कथा १९३३ साली ‘वीअर्ड टेल्स’मध्ये छापली गेली, ली ब्रॅकेट यांनी १९४९ मध्ये एरिक जॉन स्टार्क हा सावळा, बुधावरच्या आदिवासींत वाढलेला नायक मंगळावर आणला. या दोघी लेखिका होत्या. जॉन कार्टर हा अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणी सैन्याचा कप्तान आहे, ही अडचण मला यापेक्षा कितीतरी गंभीर वाटते, पण फिरणाऱ्या मजकुरात तिचा उल्लेखही नसतो.

उरला मरिनर. त्या यानाने विवरांनी भरलेला पृष्ठभाग आणि पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी दाबाची हवा दाखवली, तेव्हा मंगळावरचे कालवे खरोखरच गेले. पण जॅक व्हॅन्स यांनी ‘बिग प्लॅनेट’ ही कादंबरी १९५२ मध्येच सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर नेली होती, आणि उर्सुला ले ग्विन यांची ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ मरिनरनंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाली. ब्रॅकेट यांनीही आपल्या स्टार्कला १९७४ मध्ये स्केथ नावाच्या दूरच्या ग्रहावर पाठवले. त्या ग्रहाचा सूर्य विझत चाललेला आहे. लॉवेल यांचे मरणपंथाला लागलेले जग मंगळावरून उठून तेथे गेले होते.