ब्लॉक कर आणि सोडून दे म्हणे!

पक्याचं म्हणणं एकच, ब्लॉक कर, अकाऊंट डिलीट मार, चार दिवसांत लोक विसरतात. विषय निघाला होता डीपफेकवरून, म्हणजे एआयने बनवलेले खोटे फोटो-व्हिडिओ, त्यातही मुलीचा साधा प्रोफाइल फोटो उचलायचा, अ‍ॅपमध्ये टाकून नागडा करायचा आणि मग तिलाच धमकी, पाठवू का सगळ्यांना. रेवती तापलीच. म्हणाली चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच, हरामखोरी त्याची आणि अकाऊंट बंद करायचं तिने, तिचं काम, ओळखी, मैत्रिणी सगळं त्या अकाऊंटवर असतं त्याचं काय?

पक्या म्हणे मुलांनाही ब्लॅकमेल करतातच की. करतात ना, पैशांसाठी शाळकरी पोरांना अडकवणाऱ्या टोळ्या आहेत, कोण नाही म्हणतंय. पण 2019 मध्ये डीपट्रेस नावाच्या कंपनीने नेटवरचे डीपफेक व्हिडिओ मोजले तेव्हा 96 टक्के पॉर्न निघालं, तेही न विचारता केलेलं आणि पॉर्न साइटवरच्या त्या व्हिडिओंमध्ये सगळ्या बायकाच. सुनीलने हे सांगितल्यावर पक्या जरा गप्प झाला, पण जराच.

मग सुनील म्हणाला ब्लॉक करायचंच आहे तर कर, पण आधी पुरावा. काही ठिकाणी ब्लॉक केलं की समोरच्याची प्रोफाइलच दिसत नाही, आणि रिपोर्टवर अकाऊंट उडालं तर सगळंच गेलं. म्हणून आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे, आणि प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवायची कारण नाव काय तो उद्या बदलेल. पैसे मात्र द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. आणि फोटो अठराच्या आतल्या मुलीचा असेल तर तो सेव्ह करत, पाठवत बसायचं नाही, पुरावा म्हणून जवळ ठेवणंही बऱ्याच देशांत गुन्हा आहे, सरळ तक्रार करायची.

आपले खासगी फोटो नेटवर पसरू नयेत म्हणून स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे हेही त्यानेच सांगितलं, 2021 पासूनची. पक्या उडालाच, म्हणजे तोच फोटो अजून एका साइटवर अपलोड करायचा? वेडे आहात का? नाही रे बाबा, फोटो फोनमधून बाहेरच जात नाही, फोनवरच त्याचा हॅश बनतो, म्हणजे बोटांच्या ठशासारखा एक कोड, तेवढाच जातो आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तसा फोटो सापडला की अडवतात. जी साइट सामील नाही तिथे उपयोग शून्य, हे पण खरं. अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाऊन म्हणून वेगळी सोय आहे.

मनीषा इतका वेळ ऐकत होती. ती समुपदेशन करते, तिचं म्हणणं तुम्ही सगळे अनोळखी माणसाचं बोलताय, घरातल्याचं काय? नवरा किंवा बॉयफ्रेंड लोकेशन बघतो, मेसेज वाचतो, आणि त्याला दरवेळी स्पाय अ‍ॅप लागतच नाही, पासवर्ड माहीत असतो, अकाऊंट दोघांचं मिळून असतं, लोकेशन शेअरिंग कधीतरी चालू केलेलं तसंच असतं. आपण लगेच सांगतो, काढून टाक ते अ‍ॅप. पण काढलं की त्याला त्याच क्षणी कळतं हिला समजलं, आणि हिंसक माणूस असेल तर धोका तिथेच वाढतो. म्हणून आधी दुसऱ्याच्या फोनवरून मदत मागायची, कुठे जायचं ते ठरवायचं, मग फोनला हात लावायचा. हे मला खरंच सुचलं नसतं, आपल्याला वाटतं सेटिंग बदललं की प्रश्न मिटला.

पक्याने शेवटचा पत्ता टाकला, अरे ग्रुपवर असे फोटो मस्करीत टाकतात रे पोरं, कोणाचा हेतू वाईट नसतो. यावर रेवतीने इंग्लंडचा कायदा काढला, संमतीशिवाय असे खासगी फोटो पसरवणं 2015 ला तिथे गुन्हा ठरवलं खरं पण त्रास द्यायचा हेतू होता हे सिद्ध करावं लागायचं, मग काय, गंमत केली म्हणायचं आणि सुटायचं. शेवटी 2023 च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्याने ती अट काढली, आता तिची संमती नव्हती आणि संमती आहे असं मानायला काही कारणही नव्हतं, एवढं पुरतं.

बरं मग ग्रुपवर असा फोटो आला तर मी काय करू, ग्रुप सोडू? पक्या जरा नरमून म्हणाला. मनीषा म्हणे आधी कोणी टाकला, कधी टाकला ते टिपून ठेव, फोटो पुढे पाठवू नको, तिथेच सगळ्यांसमोर बोल की हे काढ, आणि फोटोतल्या मुलीला एकटीला गाठून सांग, तिला बहुतेक माहीतही नसेल. आणि ती म्हणाली तक्रार नको, तर? झालं, इथे रेवती आणि मनीषाचंच जुंपलं. रेवती म्हणते तो उद्या दुसरीचा टाकेल, तक्रार झालीच पाहिजे. मनीषा म्हणते तिला न विचारता तू तक्रार केलीस तर तिच्या बाबतीत तिला न विचारता ठरवणारी तू अजून एक. मी मनीषाच्या बाजूने, रेवती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.