ध्रुवपद चार वेळा येतं, पण चारही वेळा तेच सांगायचं नसतं

लग्नसराई तोंडावर आली की ठाण्याच्या चेंदणीपासून पार दिवाळे, सारसोळ्यापर्यंत आगरी-कोळी अल्बम गाण्यांचं शूटिंग जोरात सुरू होतं. गाणी फक्कड असतात, बसल्या जागी पाय हलायला लावणारी. व्हिडिओ मात्र दीड मिनिटातच संपतो आणि उरलेली दोन मिनिटं नुसता चालू राहतो. तो तिला बघतो, ती लाजते, होडी, ड्रोन, हळद, वरात.

"तेच तेच दाखवतात" ही तक्रार मला पटत नाही. साडेतीन मिनिटांत गोष्ट सांगायची तर ठरलेल्या खुणा लागतातच. लुगडं आणि डोक्यावरची पाटी दिसली की ती कोण, कुठली, हे सांगायला संवाद लागत नाही. पहिल्या नजरेला चाल मंदावली की प्रेम जडलं, हे आजीलाही कळतं. या खुणा आपल्या कामाच्या आहेत, त्यांची लाज वाटायचं कारण नाही.

गडबड होते ती ध्रुवपदात. ते तीन-चार वेळा येतं आणि दरवेळी तोच ग्रुप डान्स, कपडे तेवढे बदललेले. म्हणजे अंतऱ्यात गोष्ट दोन पावलं चालते आणि ध्रुवपद आलं की बसून राहते. शॉट लिस्ट करण्याआधी एका कागदावर ध्रुवपद चार वेळा लिहा. प्रत्येकाखाली लिहा: कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय, मागच्या वेळेपासून काय बदललं. समजा ओळीचा अर्थ "माझ्या होडीत ये" असा आहे. पहिल्या वेळी तो रिकाम्या होडीत एकटाच घोकतोय. दुसऱ्या वेळी तिच्या मैत्रिणींसमोर म्हणतो आणि सगळ्या हसतात. तिसरी वेळ निव्वळ नाचाची. ती ठेवाच, कारण हळदीत लोकांना तीच स्टेप नाचायची असते. चौथ्या वेळी नवरी झालेली ती धक्क्यावर उभ्या बापाला तीच ओळ म्हणते, आणि बाप होडीत पाय टाकतो. शब्द एकही बदलला नाही, पण बघणाऱ्याच्या घशात आवंढा येतो.

१९९५ च्या अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया' गाण्याच्या व्हिडिओत एक राजकन्या नवरा शोधते, एकेकाला नाकारते आणि शेवटी पेटीतून मिलिंद सोमण बाहेर येतो. बस, एवढंच. एक इच्छा, एक अडचण. त्यात भाऊबंदकी, मित्राचा दगा आणि अपघात कोंबला की एकही धड पोचत नाही. गाण्याआधी चाळीस सेकंदांचा संवादाचा प्रवेश टाकण्याची हौसही आवरा. १९८३ च्या मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला ते शोभलं, कारण तो व्हिडिओच जवळपास १४ मिनिटांचा होता. आपल्याकडे सुरुवातीच्या म्युझिक पीसवर आठ सेकंदांत जे सांगता येईल तेवढंच सांगा.

आता स्लो मोशन. मंद चालीतही ओठ गाण्याबरोबर हलायला हवे असतील तर एडिटची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर आणि प्लेबॅकचं, म्हणजे सेटवर ओठ जुळवायला लावलेलं गाणं दुप्पट वेगानं. एडिटला क्लिप निम्म्या वेगावर आणली की ओठ मूळ गाण्यावर बसतात. नेहमीची चूक म्हणजे कॅमेरा ६० वर ठेवणं. मग ६० आणि २५ चा हिशेब दुपटीत बसत नाही आणि अर्ध्या ओळीतच ओठ सुटतात. शिवाय ६० साठी शटर १/१२० सेकंदाचं ठेवलं की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मांडवातल्या ट्यूबलाइट लुकलुकायला लागतात. ५० फ्रेमला १/१०० ठेवलं तर हा त्रास टळतो. दुप्पट वेगात एका टेकला एकच ओळ घ्या, आणि कलाकाराला मोठ्यानं गायला लावा. नुसतं तोंड हलवलं की गळ्याची शीर ताणली जात नाही, छाती भरून येत नाही, आणि क्लोजअपमध्ये खोटेपणा लगेच दिसतो.

प्लेबॅकचा स्पीकर धक्क्यावर आणि कलाकार होडीत, असं कधीच करू नका. ३४ मीटरवर आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे अडीच फ्रेम. ५० वर घेतलेला शॉट मंद केला की तीच चूक पाच फ्रेमची होते. स्पीकर होडीतच, फळीखाली ठेवा.

कट कुठे मारायचा? लय मिनिटाला १०० ठोक्यांची असेल तर २५ च्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा. प्रत्येक ठोक्यावर कापलं तर साडेतीन मिनिटांत ३५० कट होतील आणि एकही चेहरा लक्षात राहणार नाही. नाचात हवं तितकं कापा. पण बापाच्या चेहऱ्यावर तालाची दोन आवर्तनं थांबा.

रीलचा विचार शूटिंगलाच करा. आडव्या फ्रेममधून उभी ९:१६ ची पट्टी काढली की रुंदीचा तिसऱ्या भागाहूनही कमी उरतो, ओळीत उभे चौघं कापले जातात. हूक स्टेपचा, म्हणजे सगळे नाचतात त्या ठरलेल्या स्टेपचा, एक टेक कॅमेरा उभा धरूनच घ्या, पावलं दिसतील असा. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी बघा. विमानतळाजवळच्या रेड झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

आणि तारीख ठरवण्याआधी नाखव्याला तिथी विचारा. पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, खाडीत आत जरा उशिरा. म्हणजे संध्याकाळच्या सोनेरी उन्हात होडी चिखलात रुतलेली असते आणि युनिट डोक्याला हात लावून बसतं. अष्टमीच्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या पुढेमागे येते. पाणी उधाणाइतकं चढत नाही, पण उतरतंही कमी. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा दोन दिवसांचं शूटिंग असेल तर दुसऱ्या दिवशीचा हिशेब वेगळा मांडा. नाच ओहोटीतही होतो, किनाऱ्यावर जागा उलट जास्तच मिळते. पण बाप होडीत पाय टाकतो तो शॉट भरतीलाच हवा. पाणी उतरलं की धक्का आणि होडी यांत एवढी उंची पडते की म्हाताऱ्या माणसाला धरून उतरवावं लागतं, आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याऐवजी पायांकडे जातं. कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, तो शॉट पहिला लिहा.