सरकार धंद्यात नको, पण थकहमी तेवढी द्या

परवा भाचीच्या साखरपुड्यात जेवणं आटोपली, अडकित्ता फिरायला लागला आणि दाजींनी विषय काढला. "सरकारनं धंद्यात पडूच नये. साखर कारखान्यांच्या कर्जाला थकहमी देतंय, म्हणजे त्यांनी बुडवलं तर सरकार भरणार, ते कुणाच्या पैशानं?" बापू, माझा थोरला चुलतभाऊ, उसळलाच. "मग काय कारखाने बंद पाडायचे? सभासदांनी ऊस कुठं घालायचा?"

गंमत अशी, की चारेक वर्षांपूर्वी हेच दोघं असल्याच एका कार्यक्रमात भांडले होते, पण बरोब्बर उलटे. तेव्हा थकहमी म्हणजे शेतकऱ्याचा हक्क, असं दाजी म्हणत होते आणि बापूला ती जनतेच्या पैशाची लूट वाटत होती. मधल्या काळात मुंबईतलं सरकार तेवढं बदललं. मी आठवण करून दिली तर दोघंही माझ्यावरच घसरले.

माझं कुपवाड एमआयडीसीत दोन लेथचं वर्कशॉप आहे आणि पलूस तालुक्यात दोन एकर ऊस. वर्कशॉपमध्ये माझ्या कामाचा दर सरकार ठरवत नाही. गिऱ्हाईक घासाघीस करतं, पैसे दोन महिन्यांनी देतं, मी शिव्या घालतो आणि पुढची ऑर्डर घेतो. उसात मात्र दर दिल्लीत ठरतो. गाळप कधी सुरू करायचं ते मुंबईत मंत्री समिती ठरवते. दोन कारखान्यांत किती हवाई अंतर, म्हणजे सरळ रेषेतलं, हवं तेही सरकारच सांगतं. केंद्राचा नियम १५ किलोमीटरचा, आपल्या राज्यानं तो २५ केला. कारखान्यानं महिन्याला साखर किती विकायची याचा कोटा येतो. डिसेंबर २०२३ मध्ये तर ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली. एवढं सगळं असताना 'सरकार धंद्यात नको' हे जेवणानंतर पान खाताना बोलायला ठीक आहे.

कारखान्यांचंही खोटं नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला आणि पुढं कित्येक वर्षं तो तिथंच राहिला. तेव्हा एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा केंद्रानं ठरवलेला किमान दर, क्विंटलला २७५ रुपये होती, २०२५-२६ च्या हंगामाला ३५५ झाली. हा दर ज्या उताऱ्यावर, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेच्या टक्क्यावर धरतात, तोही दहावरून सव्वादहा टक्के झाला, ते वेगळं. हे गणित बसत नाही हे मला लेथवर उभं राहूनसुद्धा कळतं.

पण त्या गणिताची किंमत कुणी मोजायची यावर मात्र दोन्ही बाजूंचं बिनबोभाट एकमत असतं. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यानं शासन निर्णय काढून एफआरपीचे तुकडे पाडले, म्हणजे एकरकमी नाही, हप्त्यांनी. काढला महाविकास आघाडीनं. चार महिन्यांत ते सरकार गेलं. नवीन आले त्यांनी तो फाडून टाकला का? नाही. बाकी जुन्या सरकारचे निर्णय फिरवायची केवढी घाई होती! शेतकरी नेते राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. हे सांगितलं तेव्हा दाजी आणि बापू पहिल्यांदा एकाच वेळी गप्प झाले.

माझं दुखणं सरकार किती असावं हे नाहीच. ऊस घेणारा, पीककर्ज देणारा आणि कायदा करणारा एकाच वाड्यात राहतो, हे आहे. थोरला आमदार, धाकटा चेअरमन, मेहुणा बँकेत. नेता आणि उद्योजक एकच असणं आपल्याकडं नवं नाही. साताऱ्याचे धनजीशा कूपर नांगर बनवणारे कारखानदार होते आणि १९३७ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळ बनवायला तयार नव्हती तेव्हा तीन-साडेतीन महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. पण कूपरांचा नांगर घेतला नाही म्हणून कुणाचं पीक शेतात वाळलं नसावं.

आमचं वाळलं. कारखान्याच्या निवडणुकीत चुलते एका संध्याकाळी विरोधी पॅनेलच्या स्टेजवर बसले. नुसते बसले, भाषणही नाही. आमची जुलैची आडसाली लागण, म्हणजे दीडेक वर्षाचं पीक. मागनं नोंद झालेल्या शेजाऱ्याचा ऊस डिसेंबरात गेला. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला विचारलं की एकच उत्तर, "तुमचा प्रोग्राम आला न्हाई." तुरा येऊन वाळला, मार्च संपत आला तेव्हा ऊसतोड टोळी मिळाली. तिची एकरी खुशाली, ड्रायव्हरची एन्ट्री, असे वरचे पैसे, आणि वजन पडलं ते पडलंच. तक्रार कुणाकडं करणार? ज्या दारात जायचं त्या सगळ्या दारांवर आडनाव एकच.

दाजी म्हणतात खासगी कारखाने येऊ द्या. आलेत की! पाटी खासगी, मागचं आडनाव वाचा.

मी सरकारच्या विरोधात आहे असंही नाही. पलूसजवळच किर्लोस्करवाडी आहे. बेळगावात नगरपालिकेनं लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा सोडायला लावली आणि १९१० मध्ये औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचं माळरान दिलं. म्हणजे एका सरकारनं उठवलं, दुसऱ्यानं बसवलं. आज आमच्या भागातली कित्येक पोरं फाउंड्री आणि पंपांवर पोट भरतात, मीही लेथ तिथल्याच एका जुन्या कामगाराकडं शिकलो. दुसरीकडं सरकारनं शेतमालाच्या बाजारातनं बाहेर पडावं म्हणून आयुष्यभर भांडलेले शरद जोशी जन्मले साताऱ्यात. त्यांचं सगळं मला पटत नाही, हवाई अंतराची अट काढा हे मात्र शंभर टक्के पटतं. दोन कारखाने माझ्या बांधावर आले तर चिटबॉय मला चहा पाजेल.

शेवटी मी म्हटलं, आता मत मागायला येईल त्याला एकच विचारायचं: माझा ऊस जिथं जातो तिथं तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी संचालक आहे का? असेल तर दोन्हीतलं एक सोडा.

"मग उमेदवारच मिळायचा नाही," दाजी म्हणाले. बापूनं मान डोलावली. त्या दिवसातलं त्यांचं हे दुसरं एकमत.